आरशाची पट्टी

मीटर दस्तगीर मुजावरांचा. काळा डबा,
एका कोपऱ्याला एम-सील, कातडी पट्टा
चिपाडासारखा वाळलेला.
आष्ट्यात स्टँडच्या मागं त्यांचं रिवायंडिंगचं दुकान.
आयटीआय संपवून मी तिथं गेले तेव्हा
पहिले आठ दिवस त्यांनी मला
नुसती मीटरची काच पुसायला लावली.

कोरड्या फडक्यानं नाही.
कोरडं घासलं की काचेला वीज चढते
आणि सुई मध्येच अडकून बसते,
रुसलेल्या पाहुण्यासारखी, ना उठत ना जेवत.
तोंडाची वाफ टाकायची, मग पुसायचं.
(हे पुस्तकात नव्हतं. मी शोधलं.)

सकाळी, काही मोजायच्या आधी,
मीटर आडवा ठेवून मधला स्क्रू
केसभर फिरवायचा. सुई शून्यावर.
मग ओहमवर टाकून दोन्ही टोकं टेकवायची.
सुई पार उजवीकडं गेली नाही
तर नॉब पिळत बसू नये, सेल बदलावा.
ओहमची पट्टी उलटी असते.
शून्य उजव्या हाताला, आणि डावीकडं
तो आडवा पडलेला आठ.
"म्हंजे तार तुटली," चाचा म्हणायचे,
"अनंत-बिनंत काय नाय."

आकड्यांखाली आरशाची चिंचोळी पट्टी आहे.
सुई आणि आरशातली सुई
एकीमागं एक लपली की मगच वाचायचं.
तोवर आपण कडेनं बघत असतो.

सुईचं टोक किंचित वाकडं आहे.
हळदीच्या पॉलिश ड्रमची मोटर होती.
वायंडिंग तपासून झालं, लाईट आली,
कुणीतरी हाक मारली,
आणि त्यांनी ओहमवरच
टोकं चारशे पंधरावर टेकवली.
आतल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती,
त्यांनीच घातलेली, एका दिवसापुरती.
हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.
सुगराबींनी सांगितलं, चहा देताना, हळू.
त्यांनी मला फक्त डबाभर फ्यूज दिले.
त्यांच्या अंगठ्याला नख नाही.

काल रात्री दीड वाजता थोरातांच्या मळ्यात
मोटर नुसती घुमत होती.
थोरातांचा हेमंत बॅटरी धरून उभा,
दुसऱ्या हातात नवा डिजिटल.
"तिसऱ्या फेजला हाय की थोडं," तो म्हणाला,
ऐंशी, एकशे दहा, परत पंचाहत्तर.
मी पायाखाली कोरडी फळी घेतली,
वायरींचं रबर नखानं चाचपलं,
रेंज आधी हजारावर,
डावा हात पाठीमागं,
शाळेत बाई ठेवायला लावायच्या तसा.
पहिल्या फेजला सुई उठली.
दुसऱ्याला उठली.
तिसऱ्याला, रेंज एकेक घर खाली आणली तरी,
जागची हलली नाही.

तरी मी हात घातला नाही.
मेन पाडला. तिन्ही फेज परत बघितल्या.
मग वरच्या जित्या टोकावर मीटर परत टेकवला,
मेलंय ते लाईन की मीटर, हे कळायला.
सुई उठली. मग कपॅसिटर उतरवला,
आणि मग किटकॅट ओढला.

आत तार वितळून काळी माशी झालेली.
बाकीच्या दोघांत तारेचे
पाच-पाच पदर, दोरखंडासारखे.
हेमंतनं खिशातून भेंडोळं काढलं.
"तार हाय की. टाकू का?
पाणी दोन तासच हाय बघा."

मी त्याच्या अंगठ्याकडं बघितलं.
नख होतं, मातीनं भरलेलं.

बरोबर मापाची तार गाडीच्या डिकीत होती.
तिन्ही किटकॅट परत बांधायला
त्याचा अर्धा तास गेला. तो बोलला नाही.
मी नॉब हजारावर नेऊन ठेवला,
पट्टा गळ्यात अडकवला.
चाचांच्या डब्यात अजून नऊ फ्यूज आहेत.